उभ्याचा बोल

भांडण सकाळच्या चहालाच पेटलं. बापलेक दोघंही असे, की एकाने माघार घ्यावी तर दुसऱ्याला चैन पडायची नाही.

"तू वकील झाली ती भोकरदनच्या कोर्टात," संपतअण्णा बशीत चहा ओतत म्हणाले. "गावात न्हाई. उभ्याचा बोल मोडाया निघाली! तुझ्या आज्ज्यानं कमावल्याला हाये तो."

"मोडून न्हाई राह्यले, अण्णा," दीपमाला म्हणाली. "रस्त्याला ठेवा, पाण्याला ठेवा, गायरानाला ठेवा. फक्त तंटामुक्तीचा अध्यक्ष निवडायचा तेवढ्याला काढा."

"म्हंजे ज्याच्यासाठी केल्तं तेवढंच काढ! वा गं वा!"

चुलीपाशी बसलेल्या तिच्या मायने, तुळजाबाईने, दोघांकडेही न बघता भाकरी उलटली. तिला हे रोजचंच होतं. मिथुन, दीपमालाचा धाकटा भाऊ, दारात बूट घालत होता. तो हसून म्हणाला, "सभा दोनला हाये. आत्ताच संपवू नका, गावाला काय ऐकवसान?" आणि तो द्वारकाकाकूंच्या शेतावर निघून गेला. ते शेत तो बटाईने करायचा.

आता उंबरखेडीबाहेरच्या माणसाला उभ्याचा बोल म्हणजे काय ते सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं काहीच कळायचं नाही. या गावाच्या ग्रामसभेत ठरावाविरुद्ध बोलायला कोणी उभा राहिला, की तो आपणहून बसेपर्यंत त्याला बसवायचं नाही. मध्ये दुसरा विषय घ्यायचा नाही, सभा तहकूब करायची नाही, मतदान तर नाहीच नाही. तो बसला की लगेच हात वर. आणि दिवेलागण होईपर्यंत बसलाच नाही, तर सभा मोडली आणि तो विषय पुढच्या सभेवर गेला. कायद्याच्या एकाही पुस्तकात हे सापडायचं नाही. नवा ग्रामसेवक आला की आधी कपाळाला हात लावतो, आणि दोन महिन्यांत मुकाट्याने घड्याळाकडे बघायला शिकतो.

हे आलं कुठून, तर दीपमालाच्या आजोबांकडून. तेव्हा गावोगाव न्यायपंचायती होत्या. पाटलाचा पुतण्या पंच व्हायचा होता. बौद्ध वस्तीतला पुंजाराम, दीक्षा घेऊन चारपाचच वर्षं झालेली, भर सभेत उभा राहिला आणि म्हणाला, हा माणूस आमचा न्याय करायचा असंल तर आम्हाला न्यायच नको. लोक अंगावर धावले. पाटील म्हणाला, "उभा हाये तव्हर बोलू द्या." उपकार म्हणून म्हणाला की दुपारच्या झोपेत म्हणाला, देव जाणे. पण म्हणाला. पुंजाराम दिवे लागेपर्यंत बोलला, आणि पुतण्या काही पंच झाला नाही. तेव्हापासून गावाने तो शब्द धरून ठेवला.

पुंजारामाचा मुलगा संपत. तीस वर्षं एसटीत कंडक्टर, जाफराबाद ते जालना. गच्च भरलेल्या गाडीत शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा आवाज. गेल्या तीन वर्षांत अण्णा दोनदा उभे राहिले होते आणि दोन्ही वेळा राधेश्यामचं नाव पाडलं होतं. राधेश्याम म्हणजे गावातला मोठा बागायतदार, शिवाय कापसाच्या जिनिंगचा मालक, बोलायला खडीसाखर. पूर्वी अध्यक्ष नसतानाही तंटे तोच मिटवायचा. बौद्ध वस्तीतल्या राजानंदला पोळ्याच्या दिवशी चौघांनी मारलं, तेव्हाही त्यानेच मिटवलं. मार खाल्ला राजानंदने आणि हात जोडून माफी मागितली तीही राजानंदने. अण्णांनी तेव्हाच ठरवलं होतं, हा माणूस त्या खुर्चीवर बसू द्यायचा नाही.

हे सगळं दीपमालाला मान्य होतं. पण तिचं म्हणणं असं, की खुर्ची तीन वर्षं रिकामी आहे त्याचं काय? विधवा द्वारकाकाकूंच्या शेताचा रस्ता त्यांच्या दिराने, भागवतने, अडवून ठेवलाय. गावात मिटवायला कोणी नाही, तहसीलला तारखा पडून राहिल्यात, आणि कापूस डोक्यावरून बांधापर्यंत आणावा लागतो. एका माणसाच्या 'नाही'साठी अख्ख्या गावाचा न्याय टांगून ठेवायचा का?

"रस्ता चुकला तर पुढच्या साली दुसरा करता येतो," अण्णांनी सकाळी शेवटचं सुनावलं होतं. "न्याय करणारा चुकला तर तो बसतो आपल्या उरावर. म्हणून ज्याला कोणीच नको म्हणत न्हाई त्योच तिथं बसला पाह्यजे. एकाचा जरी नकार असंल ना, तरी थांबायचं."

"आन् थांबता थांबता माणसं म्हातारी व्हतेत, त्याचं?"

"व्हऊ दे. वाकून जगण्यापरीस बरं!"

झालं. दीपमाला ठरावाचा कागद घेऊन उठली.

दीपमाला काही हवेत ठराव मांडत नव्हती. सरपंच शीतलताईशी तिचं बोलणं झालं होतं. उभ्याचा बोल या निवडीपुरता काढायचा, आणि लगेच कचरूआप्पांचं नाव घ्यायचं. कचरूआप्पा अण्णांचे जुने दोस्त, कुणब्याघरचे, पण दोन्ही आळ्यांत ज्यांच्या घरी बिनधास्त चहा मागावा असा माणूस. राधेश्यामने स्वतः दीपमालाला सांगितलं होतं, "मला हौस न्हाई बाई आता. तुम्ही पोरं बघा." तिने विश्वास ठेवला. खडीसाखर कोणाला गोड लागत नाही?

दोनला सभा सुरू झाली. सभामंडपात दोनशे माणूस. श्रावण संपत आलेला, बाहेर उघडीप, आत पंखे गरगरतायत आणि वारा कोणालाच नाही. दीपमालाने ठराव मांडला. चांगला मांडला. द्वारकाकाकूंच्या तीन वर्षांच्या तारखा तिने तोंडपाठ म्हणून दाखवल्या तेव्हा बायकांच्या बाजूने चुकचुक झाली. द्वारकाकाकू मात्र आल्या नव्हत्या. भागवतही दिसत नव्हता. तिने तेवढं लक्ष दिलं नाही.

मग अण्णा उभे राहिले.

सभेत हसू पसरलं, कारण सगळ्यांना ठाऊक होतं. शीतलताईने घड्याळ पाहिलं. तीन वाजून दहा मिनिटं. कोणीतरी अण्णांपुढच्या टेबलावर पाण्याचा जग आणून ठेवला.

"मंडळी, जय भीम, राम राम, सलाम," अण्णांनी सुरुवात केली. "माझीच पोरगी माझ्या विरुद्ध उभी हाये. म्हंजे शिक्षण बराबर झालं."

टाळ्या पडल्या. दीपमालालाही हसू आवरेना. काही म्हणा, म्हातारा बोलायला लागला की ऐकत राहावंसं वाटे. आधी पुंजारामाची गोष्ट झाली, मग राजानंदची, नाव न घेता. मग एसटीवर आले. एकदा केदारखेड्याला एक आमदार बिनतिकिटाचा चढला आणि अण्णांनी त्याला राजूरला उतरवला, ही गोष्ट अर्धा तास चालली. खरं म्हणजे तो आमदार नव्हता, आमदाराचा साडू होता. पण उभ्याला कोण अडवणार?

चार वाजता कचरूआप्पा हळूच दीपमालाच्या मागच्या खुर्चीवर येऊन बसले. त्यांचा चेहरा पडला होता.

"दीपमाला, माझं नाव धरू नको," ते कुजबुजले. "म्या सकाळीच मागं घेतलं."

"काय?" ती गर्रकन वळली. "काहून, आप्पा?"

"माझा पोरगा बबलू राधेश्यामच्या जिनिंगमधी हाये ना. काल निरोप आल्ता." त्यांना मान वर करवत नव्हती. "राधेश्यामचं एकच नाव राह्यलंय आता. आन् माणसं बघ ना कोणाची भरली ती."

दीपमालाने मांडवावरून नजर फिरवली. मागच्या तीन रांगा. जिनिंगचे हमाल, राधेश्यामच्या भावकीतले, जे कधी ग्रामसभेला फिरकत नाहीत ते सगळे पाय हलवत बसून होते. हात वर करायलाच आले होते ते. तिने ज्या ठरावासाठी महिनाभर घरोघरी चपला झिजवल्या, तो राधेश्यामला आयता हवा होता! बाई गं, वकील म्हणवून घेतेस, आणि इतकी बावळट?

आता ठराव मागेही घेता येईना. उभ्याच्या मध्ये काहीच घेता येत नाही. अण्णा बसले की लगेच हात वर, आणि दोन मिनिटांत राधेश्याम अध्यक्ष. आता एकच आशा होती, आणि ती तिच्या विरुद्ध बोलत समोर उभी होती. बोला अण्णा, ती मनात म्हणाली. बसू नका. आज तरी बसू नका.

साडेचार वाजता तिचा फोन थरथरला. द्वारकाकाकू.

"दीपमाला! अगं, मिथुनला मारलं गं!" काकू रडत होत्या की धापा टाकत होत्या, कळत नव्हतं. "भागवत रस्त्यावर तारा ठोकून राह्यला व्हता. म्या मिथुनला हाक मारली. मिथुन नुसता म्हणला, आज सभा हाये, निकाल लागू दे, मंग ठोक. त्यानं हातातली पहारच घातली गं डोक्यात! लई रगत चाललंय. जल्दी ये, माय!"

फोन कानालाच राहिला. समोर अण्णा रंगात आले होते.

"तीन साल अध्यक्ष न्हाई म्हणते माझी लेक. तीन साल! मंडळी, आभाळ कोसळलं का? कोणाचं घर जळालं का? आँ? अध्यक्ष न्हाई म्हणून कोणाचं डोकं फुटलं का, सांगा मला!"

लोक हसले. दीपमाला खुर्चीला धरून उठली.

एक क्षण, खरंच एकच क्षण, तिच्या मनात आलं की सांगू नये. सांगितलं तर अण्णा बसणार, बसले की सगळं गेलं. मग तिला स्वतःचीच इतकी किळस आली, की शब्द आपोआप बाहेर पडले.

"अण्णा, बसा खाली! भागवतनं मिथुनच्या डोक्यात पहार घातली. द्वारकाकाकूचा फोन व्हता आत्ता. मिथुन रगतात पडलाय, अण्णा!"

सगळा मांडव तिच्याकडे वळला.

पहिला उठला तो राधेश्याम. धावतच पुढे आला, खिशातून गाडीची किल्ली काढत. "काका, जा तुम्ही. माझी गाडी न्या, ड्रायव्हर हाये खाली. पोरगा पहिला. हितलं आम्ही बघतो."

"सभा तहकूब करू आपण," शीतलताई उभी राहून म्हणाली.

"तहकूब कशी?" मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं. "उभ्याच्या मधी दुसरा विषय न्हाई घ्यायचा. त्यांचाच नेम हाये ना? बसू द्या त्यांना, पहिलं मतदान, मंग तहकूब."

शीतलताईने ग्रामसेवकाकडे पाहिलं. ग्रामसेवकाने जमिनीकडे पाहिलं. मग सगळ्या मांडवाने अण्णांकडे पाहिलं.

अण्णांनी जग उचलून ग्लासात पाणी ओतलं. घोटभर प्यायले. ग्लास ठेवला.

"पाह्यलं का मंडळी?" ते म्हणाले. आवाज जराही हलला नाही. "ही माझी पोरगी. ठराव पास करायला सख्ख्या भावाचं डोकं फोडून राह्यली. कोर्टात साक्षीदार पढवता पढवता आता बापाला पढवाया लागली."

कोणीतरी फिसकन हसलं. दीपमालाला आपण काय ऐकलं ते समजलंच नाही.

"अण्णा, खोटं न्हाई बोलून राह्यले! मायची शप्पथ, अण्णा!"

"शपथा कोर्टात घ्यायच्या. हितं उभ्याचा बोल चालू हाये. बस खाली, न्हाईतर जा." आणि ते परत लोकांकडे वळले. "तर मंडळी, जाफराबादहून गाडी सुटली, म्हंजे पहिला थांबा कोणता?"

इतक्या वर्षांत या माणसाने तिला एकदाही खोटारडी म्हटलं नव्हतं. लहानपणी तिने पाटी फोडली आणि खरं सांगितलं, तेव्हा मारायच्या ऐवजी उचलून घेतलं होतं. आणि आज दोनशे माणसांत, पोरगा तिकडे रक्तात पडलेला असताना? हा माझा बाप? हा? ती ठेचकाळत मांडवाबाहेर पडली. मागून अण्णांचा खणखणीत आवाज येत होता आणि लोक पहिल्या थांब्याचं नाव सांगत होते.

स्कूटीवर तिने घर गाठलं, तुळजाबाईला मागे बसवलं. "काय झालं गं? काय झालं?" माय विचारत राहिली आणि हिच्या तोंडून नुसतं "मिथुन, माय, मिथुन" एवढंच. बांधावर द्वारकाकाकूंनी एक जीप थांबवून ठेवली होती. मिथुन मागच्या बाकावर आडवा, डोक्याला काकूंचं लुगडं बांधलेलं आणि तेही भिजून गेलेलं. भागवतचा पत्ता नव्हता. तारेचे खांब मात्र ओळीने रोवलेले होते.

जीप जालन्याकडे निघाली. मिथुनचं डोकं मायच्या मांडीवर. केदारखेड्याच्या पुढे त्याने डोळे उघडले.

"अण्णाला सांगितलं का?"

"सांगितलं," दीपमाला म्हणाली.

"मंग?"

"येऊन राह्यले. मागंच हायेत."

त्याने मान हलवल्यासारखं केलं. राजूर यायच्या आत त्याची शुद्ध गेली. तुळजाबाई त्याचे गाल थापटत, "ऊठ रे राजा, अण्णा येऊन राह्यलेत ना," असं म्हणत राहिली, आणि दीपमाला काचेबाहेर बघत बसली, कारण मायच्या तोंडाकडे बघायची तिची हिंमत नव्हती.

जालन्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी डोक्याचे फोटो काढले. कवटीला चीर गेली होती, आत थोडं रक्त साकळलं होतं. सकाळपर्यंत बघू म्हणाले, वाढलं तर उघडावं लागेल. जवळच्या माणसांनी बोलत राहावं त्याच्याशी, ऐकू जातं कधीकधी.

सातला दीपमालाचा फोन वाजला. राधेश्याम.

"फार वाईट झालं बाई," तो म्हणाला. खरोखरच दुःख झाल्यासारखा बोलत होता. "भागवत आपलाच हाये, त्याला मी समजावतो. दवाखान्याचा सगळा खर्चा तो देईल. पोरापोरांचं भांडण, पोलिसात कशाला? तुझे वडील ऐकते तर आज संध्याकाळीच समिती बसवून दोन्हीकडच्या सह्या घेतल्या असत्या. विषय संपला असता आज. पण बसलेच न्हाईत ते! दिवे लागले तरी बोलतच व्हते."

दीपमालाने फोन बंद केला. म्हणजे आज अण्णा बसले असते, तर आत्ता या वेळी पंचायतीत मिथुनच्या डोक्याचा निकाल लागत असता. त्याच माणसापुढे. मिथुननेच आधी शिवी दिली असं ठरवून त्याच्याच बापाला लावून माफी मागवली असती कदाचित, राजानंदसारखी. नशीब, ती मनात म्हणाली. म्हाताऱ्याच्या हट्टाने वाचवलं आपल्याला. न कळत का होईना. पण तिचा राग काही निवेना. उलट जास्तच भडकला. हट्टापायी मुलाला विसरला हा माणूस!

आठ वाजता अण्णा आले. कचरूआप्पांनी धरून आणलं होतं. पाय सुजून चपलेत मावत नव्हते, घसा बसलेला.

"दिवे लागले तव्हाच बसले," आप्पा हलक्या आवाजात म्हणाले. "बसले म्हंजे काय, पडलेच. विषय गेला पुढच्या सभेवर."

दीपमाला वाट अडवून उभी राहिली. "खोटं वाटलं ना तुम्हाला? जा आता आत. बघा खोटं कसं दिसतंय ते."

अण्णांनी तिच्याकडे पाहिलं नाही. तिच्या बाजूने सरकत आत गेले. नर्सने स्टूल दिलं. पायथ्याशी तुळजाबाई बसली होती, मिथुनचं पाऊल दोन्ही हातांत धरून. ती नवऱ्याकडे बघून नुसतं एवढंच म्हणाली, "बोला त्याच्याशी. डॉक्टरनं सांगितलंय."

दीपमाला पडद्याशी उभी राहिली. ऐकायचं नव्हतं तिला काही. पाय हलत नव्हते इतकंच.

अण्णांनी मिथुनच्या गालावर हात ठेवला. मग घोगऱ्या, फुटक्या आवाजात सुरुवात केली.

"मिथुन. म्या हाये रे. अण्णा." थांबले. "मला म्हाईत व्हतं, बाळा. दीपीनं सांगितलं तव्हाच. ती पोरगी खोटं बोलती का? बापाला कळत न्हाई का ते? तिचं तोंडच पांढरं फटक पडल्तं."

पडद्याला धरलेली दीपमालाची बोटं जागीच आवळली.

"पण मागच्या रांगा मला उभ्यानं दिसत व्हत्या. म्या खरं मानलं असतं, तर त्यांनी मला तिथून हलवलं असतं रे. भांडून न्हाई, गोड बोलून. गाडीत हात धरून बसवलं असतं. आन् माझी पाठ वळली की हात वर. मंग तुझं फुटल्यालं डोकं घिऊन म्या त्याच्याच दारात उभा. त्यानं म्हणायचं, मिटवून टाका काका. म्हणून म्या तिला खोटी पाडली. भर सभेत. काय सुचंल ते बोललो. गाडीचे थांबे सांगितले, दोनदा सांगितले. दर थांब्याला वाटे, आता बसावं, आता पळावं. सव्वादोन तास, मिथुन. सव्वादोन तास म्या तुला तसाच सोडला."

खोलीत यंत्राची टिकटिक चालू होती. तुळजाबाईने मान वर केली.

"तुम्हाला म्हाईत व्हतं?"

अण्णांनी मान हलवली.

"पोरगं मरून राह्यलंय, हे म्हाईत व्हतं?"

"व्हतं."

"आन् गेला असता तर?"

अण्णांचे ओठ हलले. दीपमालाला वाटलं, ते आता म्हणतील, तसं मनातही आलं नव्हतं. म्हणा ना अण्णा. खोटं असलं तरी म्हणा. पण गोष्टी रंगवणं सोडलं तर या माणसाला आयुष्यात खोटं बोलता आलं ते एकदाच, आज दुपारी.

"तरीबी उभा राह्यलो असतो," ते म्हणाले.

तुळजाबाई उठली. ओरडली नाही, रडली नाही. पायथ्याकडून उशापाशी आली आणि नवऱ्याकडे बघत म्हणाली, "हात काढा."

अण्णांचा हात तिथंच राहिला.

"माझ्या लेकरावरचा हात काढा म्हणते न्हवं का."

त्यांनी हात काढला. तो कुठे ठेवावा ते कळेना म्हणून तसाच हवेत धरून बसले.

दीपमाला पडद्यापासून मागे सरली. व्हरांड्यात भिंतीला टेकली. चार तास ती जळत होती, की बापाने माझ्यावर विश्वास ठेवला नाही. भर सभेत ठेवला नाही. आता तिला वाटलं, नसता ठेवला तर किती बरं झालं असतं! हट्टी म्हातारा, आंधळा म्हातारा, असं म्हणून आयुष्यभर भांडता आलं असतं. चुकला म्हणून एक दिवस माफही करता आलं असतं. पण तो चुकलाच नव्हता. त्याने सगळं नीट मोजलं होतं, आणि बरोबर मोजलं होतं, आणि त्या मोजण्यात मिथुनही होता. याला काय म्हणायचं? याच्याशी भांडायचं तरी कसं?

"मॅडम, फिर्याद घ्यायची ना?" व्हरांड्याच्या टोकाला हवालदार कागद घेऊन बसला होता. "या इकडं. पेशंटचं नाव, वय, सगळं सांगा."

ती त्याच्यासमोर जाऊन बसली. नाव सांगितलं, वय सांगितलं, पहार सांगितली, भागवतचं पूर्ण नाव सांगितलं, द्वारकाबाई साक्षीदार म्हणून सांगितलं. आवाज कोर्टात असतो तसा कोरडा होता. हवालदाराने भराभर लिहून घेतलं.

"घटना साडेचारची. वडील पोचले आठला," तो पेन थांबवून म्हणाला. "त्यांना कव्हा कळलं?"

दोनशे माणसांदेखत तिने ओरडून सांगितलं होतं. समोरचा वकील कोणालाही उभा करून हे विचारील आणि ती उघडी पडेल, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पडद्याआडून बापाच्या खोकण्याचा आवाज आला.

"पावणेसातला," दीपमाला म्हणाली. "सभा संपल्यावर."

हवालदाराने तसं लिहून घेतलं.